मेमरी संपली तर आधी कोण?

"तिला दुप्पट मेमरी आणि मला निम्मी. असं का, बुवा?"

शार्दूलनं दारातूनच विचारलं. पायात चपला तशाच. सर्व्हरच्या खोलीत चपला घालून येत नाहीत, हे आश्रमात काल आलेल्या माणसालाही ठाऊक असतं.

अच्युतबुवा पडद्यासमोर बसले होते. मी कोपऱ्यात बॅटऱ्यांमध्ये पाणी घालत होतो. मी मान वर केली नाही. पण कान काय, ते कोणाचं ऐकतात?

"कोणाला दुप्पट?"

"वसुधाला. दुसऱ्या कोणाला?"

आमच्याकडे सर्व्हर एकच, सगळं त्याच्यावर चालतं. वसुधाचा प्रोग्राम दवाखान्याचा. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध कधी द्यायचं, ते तो नर्सबाईंना सांगतो. शार्दूलचा प्रोग्राम जुन्या पोथ्यांमधून हवा तो शब्द शोधून देतो. आणि एक इवलासा प्रोग्राम खुद्द बुवांचा. त्यांच्या गुरूंचा, म्हणजे कैलासवासी मोठ्या महाराजांचा ध्वनिमुद्रित आवाज तो रोज संध्याकाळी सभामंडपात लावतो.

कोणी किती मेमरी वापरायची, ते बुवा ठरवून देत. प्रोग्राम त्या मर्यादेपलीकडे गेला की यंत्र त्याला बंद करतं आणि पहिल्यापासून चालू करतं. शार्दूलचा रोज बंद पडायचा. वसुधाचा कधीच नाही. हे त्याच्या डोळ्यांत खुपायचं.

त्यात बुवा आता उत्तरेला निघणार होते. सर्व्हरची किल्ली, म्हणजे सगळे अधिकार देणारा पासवर्ड, दोघांपैकी एकाला मिळणार होता. शार्दूलच्या पोटात दुखत होतं ते तिथं.

"लाडकी आहे ती तुमची," तो म्हणाला. "पोरगी 'हो बुवा, हो बुवा' करते म्हणून. डोकं माझं जास्त चालतं, हे तुम्हालाही माहीत आहे."

"आहे."

"मग?"

बुवा खुर्चीतून उठले आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस. हवं ते कर."

शार्दूल बसला. त्याच्या बोटांना दम कुठला! त्यानं स्वतःच्या प्रोग्रामची मर्यादाच काढून टाकली. निम्मी नाही, दुप्पट नाही, मर्यादाच नाही.

पडद्यावर त्याचा आकडा चढायला लागला. वसुधाच्या आकड्याला मागं टाकून वर गेला, तेव्हा तो हसला. देवा रे, काय हसला! लहानपणी भावाच्या वाटीतला लाडू पळवल्यावर मी असाच हसायचो.

सभामंडपातून मोठ्या महाराजांचा आवाज येत होता. "बाळांनो, आता नीट ऐका..."

आणि आवाज थांबला.

...

तिकडे कोणीतरी खोकलं. मग तेही नाही.

बुवा वाकले, शार्दूलच्या हाताखालून हात घालून त्यांनी मर्यादा परत घातली. पोथ्यांचा प्रोग्राम रोजच्यासारखा बंद पडून पुन्हा चालू झाला.

"कोणाचा गेला?" शार्दूलनं विचारलं.

"माझा."

"पण मेमरी तर मी संपवली. यंत्र तर सगळ्यात जास्त खाणाऱ्याला बंद करतं. तुमचा किती लहान!"

"मी सांगून ठेवलंय त्याला. कमी पडलं तर आधी मला बंद कर."

"आणि शेवटी कोणाला?"

"दवाखान्याला."

"बघा! म्हणजे शेवटी तिलाच वाचवायचं!"

काय म्हणावं या माणसाला! गुरूच्या गुरूचा आवाज गप्प केला, आणि याला सुचलं काय तर हे.

बुवा मात्र रागावले नाहीत. "किल्ली हवी ना?" म्हणाले. "मग बसलास तिथंच बस. मेमरी संपली तर आधी कोणाला बंद करायचं, त्या यादीत खुर्चीत बसणाऱ्यानं पहिलं नाव लिहायचं असतं. लिही, माझ्याही वर."

पडद्यावर रेघ लुकलुकत होती. शार्दूल तिच्याकडे बघत राहिला... मग त्यानं एक अक्षर लिहिलं. 'द'.

दवाखान्याचा 'द'! माझ्या हातातल्या डब्यातलं पाणी फरशीवर सांडलं. बुवांनी 'द' पाहिला. हात मागं बांधून ते तसेच उभे राहिले.

एवढ्यात वसुधा दाराशी आली. चपला बाहेर काढून, उंबऱ्याच्या पलीकडेच थांबली.

"बुवा, महाराजांचा आवाज थांबला. वॉर्डातले आजोबा विचारतायत..." मग तिला खुर्ची दिसली. "अय्या, शार्दूलदादा बसलाय होय! मग आवाज लागेलच आता." आणि ती आली तशी निघून गेली. वॉर्डातल्या औषधांची वेळ झाली होती.

शार्दूलचे कान लाल झाले. तिनं भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं त्याला.

...

त्यानं 'द' पुसला. मग खाली वाकून पायातल्या चपला काढल्या, हातानं दाराबाहेर ठेवून आला आणि परत खुर्चीत बसला.

"तुमच्या वर?"

"वर."

त्यानं स्वतःच्या प्रोग्रामचं नाव लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर, जणू दुसऱ्याचंच लिहितोय.

बुवांनी वाचलं आणि मान हलवली. मग बटण दाबून मोठ्या महाराजांचा आवाज पुन्हा लावला.

"झालं?" शार्दूलनं विचारलं.

"झालं," बुवा म्हणाले. "आता काढ तुझी मर्यादा. संपली मेमरी, तर आधी तूच."