सासूबाईंच्या फोटोचा खिळा

"सासूबाईंचा फोटो तुझ्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या भिंतीवर? अगं, शोभा जाईल त्यांची!" थोरली जाऊ हेमलता आपल्या नव्या हॉलमध्ये कडाडली.

तिच्या घरच्या वायरी भिंतीच्या आत गाडलेल्या. धाकट्या कुसुमकडे मात्र त्या भिंतीवरूनच, प्लास्टिकच्या पट्टीतून जायच्या. थोरलीची गुळगुळीत भिंत बघून कुसुम जळायची. सासूबाई शेवटपर्यंत कुसुमकडे राहिल्या म्हणून थोरली जळायची. बायांनो, जळण्यात दोघी सारख्याच!

मामंजी फोटो धरून दमले. तेवढ्यात कुसुम म्हणाली, "लावा तुमच्याकडेच. पण खिळा आत्ता, तुमच्या हातानं."

हेमलतानं तोऱ्यात हातोडी उचलली. खिळा इथं टेकवला, तिथं टेकवला. आतली वायर नेमकी कुठून गेलीय, हे कोण सांगणार? मागे कॅलेंडरच्या खिळ्यानं ठिणग्या उडून अख्खं घर अंधारात गेलं होतं.

"मार की गं," मामंजी म्हणाले.

हेमलतानं हातोडी टेबलावर ठेवली.

कुसुमनं फोटो पदरानं पुसला नि म्हणाली, "चला माझ्याकडे, जाऊबाई, माझ्या वायरी डोळ्यांना दिसतात, तेव्हा पट्टी सोडून हवा तिथं बिनघोर खिळा मारा."