लिंबूटिंबूचं राज्य

एका गावात एक म्हातारा कुंभार होता. त्याच्या अंगणात एका बाजूला मडकी वाळत आणि दुसऱ्या बाजूला पोरं खेळत. मडक्यांना तो जपे. पोरं पडली तर म्हणे, "पडू द्या, ती काही कच्च्या मातीची नाहीत."

एकदा एक बाई आपल्या धाकट्या मुलीला घेऊन त्याच्याकडे आली. मुलगी अंधाराला फार भ्यायची. दिवा विझला की आईचा पदर मुठीत धरून बसायची.

बाई म्हणाली, "बाबा, हिची भीती तेवढी काढा."

"मातीतला खडा काढता येतो गं माय मला," कुंभार म्हणाला. "भीती कशी काढतात ते नाही ठाऊक. खेळू दे पोरांत."

"बरं. पण पोरांनो, हिला लिंबूटिंबू घ्या हं," असं बजावून बाई गेली.

लिंबूटिंबू म्हणजे खेळात असून नसल्यासारखा. त्याला धरलं तरी ते धरणं नव्हे. त्याच्यावर राज्य येत नाही. पोरं खेळत आंधळी कोशिंबीर, आणि राज्य आलं की डोळ्यांवर फडकं. मुलीला ते फडकं कधीच बांधावं लागणार नव्हतं. ती खूश होती.

अंगणाच्या कडेला खड्डा होता. कुंभार त्यातून माती काढी आणि फुटकी खापरं त्यातच टाकी. म्हणून त्याने पोरांना एक नेम घालून दिला होता. डोळे बांधलेला कडेला आला, तर जो जवळ असेल त्याने "काठ!" म्हणून ओरडायचं. ओरडणारा आवाजावरून सापडायचा, पण नेम म्हणजे नेम.

पोरांचा स्वतःचाही एक नेम होता. दिवस बुडताना ज्याच्यावर राज्य, त्याने ते रात्रभर घरी न्यायचं. मग सकाळी सगळी त्याला चिडवत, "काय राजे, झोप लागली का?"

एके दिवशी सूर्य टेकत आला होता. राज्य एका दांडग्या पोरावर होतं. सगळ्यांत मोठा, सगळ्यांत बढाईखोर. कुंभार घरामागे लाकडं रचत होता. दांडगा हात पसरून धावत सुटला तो नेमका खड्ड्याकडे.

जवळच तीनचार पोरं होती. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बघितलं. आता ओरडलं तर राज्य घरी न्यावं लागणार. कुणीतरी ओरडेलच, असं प्रत्येकाला वाटलं. कुणीच ओरडलं नाही.

"काठ! काठ!" मुलगी ओरडली.

दांडगा हसला. "ए लिंबू, गप! तुला धरून काय लोणचं घालू? मला फसवायला पुढं केलंय तुला." आणि त्याने आणखी एक पाऊल टाकलं.

मुलीने डोळे मिटून घेतले आणि ती किंचाळली, "मी लिंबूटिंबू नाही! आत्तापासून मी पक्की! धर मला!"

दांडगा गर्रकन वळला. आवाजाच्या रोखाने झेपावला आणि त्याने तिचा दंड धरला. फडकं काढून मागे बघतो तर दोनच पावलांवर खड्डा.

"मी बांधत नाही फडकं," तो हळूच म्हणाला. "राहू दे. तू लहान आहेस."

"पक्की म्हटलंय ना मी," मुलगी म्हणाली. "बांध."

फडक्याआड काळाकुट्ट अंधार होता. तिला रडू आलं, फडकं ओलं झालं. तरी तिने हात पुढे केले आणि ती चालू लागली. ती खड्ड्याच्या बाजूला जरा वळली मात्र, सगळं अंगण एका आवाजात ओरडलं, "काठ!" सगळ्यांत मोठा आवाज दांडग्याचा होता, आणि तो तिच्या हाताच्या अंतरावर उभा होता.

पण त्याला धरायच्या आधीच सूर्य बुडाला. राज्य मुलीच्या घरी गेलं.

आईने दारातच विचारलं, "काय गं, गेली का भीती?"

"नाही गं," मुलगी म्हणाली. "होती की माझ्यासोबत. दोघी मिळून चाललो."

दुसऱ्या दिवशी ती अंगणात आली तेव्हा तिला कुणी चिडवलं नाही. दांडग्याने नुसतं फडकं झटकून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "चला, राज्य पक्क्या गड्यावर आहे. पळा!"

तात्पर्य: भीती घरी ठेवून कुणालाच येता येत नाही, तिला सोबत घेऊन जो दुसऱ्यासाठी हाक देतो, तोच पक्का गडी.