जामीन राहिलेली भागूबाई

एका गावात सगुणा नावाची एक कासारीण राहत होती. जत्रेसाठी बांगड्यांचा माल भरायला तिला शंभर रुपये हवे होते. अंताजी सावकार म्हणाला, "देतो. पण तुला जामीन कोण?" शेजारची भागूबाई लगबगीनं पुढे झाली आणि तिनं कागदावर अंगठा उठवला. जामीन म्हणजे काय, हे दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही. विचारलं तर अडाणी दिसू ना! आणि सावकारानंही आपणहून सांगितलं नाही.

जत्रेच्या वाटेवर घाटात गाडी उलटली. बांगड्या 'वाढल्या' म्हणायची रीत, पण सगुणाच्या तोंडून "फुटल्या गं बाई सगळ्या!" असंच निघालं. आता कोणत्या तोंडानं सावकारापुढे उभं राहायचं? ती तशीच भावाच्या गावी गेली आणि मुदत संपली तरी तिथेच राहिली.

एकदा जेवताना भावानं विचारलं, "अक्का, तुला जामीन कोण आहे?"

"भागू. तिनं नुसता अंगठा दिलाय."

"नुसता? अगं, तू फेडलं नाहीस, तर सगळं तिला भरावं लागेल!"

भागूबाईकडे होतं काय? एक दुभती म्हैस. तिच्या दुधावरच घर चालायचं. सगुणानं ताट बाजूला सारलं. हात धुऊन ती तशीच निघाली.

सावकाराच्या दारात येते तर काय, भागूबाई म्हशीचं दावं धरून उभी! मुदत संपल्यावर सावकारानं तिलाच बोलावलं होतं.

"म्हैस घेऊ नका, पंत," सगुणा धापा टाकत म्हणाली. "कर्ज माझं आहे. दारोदार फिरून बांगड्या भरीन, पण मीच फेडीन."

भागूबाईनं दावं सोडलं आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. "म्हशीचं काय घेऊन बसलीस! गाडी उलटली म्हणे. आधी दाखव, काच लागली का कुठं?"

सगुणाला रडू आवरेना. बिचारी किती दिवस एकटीच कुढत होती!

सावकारही ओशाळला. त्यानं मुदत वर्षभर वाढवली आणि दोघींना समोर बसवून कागद वाचून दाखवला. "घेतलेली रक्कम ती मुद्दल. ती वापरल्याबद्दल वर द्यायचं ते व्याज. फेडायला मिळालेला वेळ ती मुदत. आणि जामीन म्हणजे काय, ते भागूबाई, आज मीच तुमच्याकडून शिकलो."

तात्पर्य: कर्ज घेण्याआधी त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारावा, आणि जो आपल्याला जामीन राहतो, त्याला संकटात एकटं सोडून कधीही तोंड लपवू नये.