अमात्याचा बांधलेला हात

पूर्वी वेत्रवतीच्या काठी सोमवती नावाच्या नगरीत राजा रिपुंजय राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका अमात्यकुळात जन्मला आणि वयात आल्यावर न्यायासनावर बसला. त्याचे नाव सुयाम. कुणाच्या घरचे साधे फळही तो घेत नसे. नगरातली माणसे त्याच्या न्यायाच्या गोष्टी आपल्या लेकरांना सांगत, आणि खरे सांगायचे तर त्या त्यालाही ठाऊक होत्या.

त्या न्यायसभेत एक रीत होती. पाण्याने भरलेल्या काहिलीत बुडाशी बारीक भोक असलेले तांब्याचे भांडे सोडायचे. ते भरून बुडाले की तळाशी टण् असा आवाज होई. तोवर बोलायचा हक्क प्रत्येकाला होता. मात्र जेवढे ऐकले तेवढे पुरे झाले असे वाटले, तर न्यायाधीशाने उजवा हात वर करावा आणि बोलणे थांबवावे. हे भांडे उत्पला नावाची एक वृद्धा अकरा वर्षे सांभाळीत होती.

एकदा राजाचे चंदनवन जळाले. देवल नावाच्या उद्यानपालाने नदीपलीकडच्या एका शबराला पकडून आणले. शबर म्हणजे रानात राहणारी, काळ्या वर्णाची माणसे. पकडलेल्याचे नाव कोलक. तो मध काढून पोट भरणारा. देवल म्हणाला, "शुद्ध चतुर्दशीच्या संध्याकाळी हा पोळ्याला धूर देत होता. मी डोळ्यांनी पाहिले. याचे तळहात बघा, अजून भाजलेले आहेत." देवलाने आपल्या घराण्याची तीन पिढ्यांची सेवाही सविस्तर सांगितली, आणि भांडे टण् वाजेपर्यंत सुयामाने ती मान डोलावीत ऐकली.

मग कोलक बोलू लागला. शबरांची पद्धत अशी की बोलण्याआधी आजाचे, बापाचे नाव घ्यायचे, रानाचे आणि माशीचे नाव घ्यायचे, मग मुद्द्यावर यायचे. अहो-जाहो त्यांच्या बोलीत नाही. "माझा आजा तुंबा," त्याने सुरुवात केली. "माझा बाप सोमा. ज्या रानात तू—"

सुयामाचा हात वर गेला. भांडे अजून निम्मेही भरले नव्हते. निकाल झाला: उद्या माध्यान्ही कोलकाचा उजवा हात तोडावा. हात गेला की मधाच्या झाडावर चढणे संपले, आणि घरच्या पाच माणसांचे पोटही संपले. कोलकाने आपल्या तळहातांकडे पाहिले.

सभा उठली. उत्पला भांड्यातले पाणी ओतून टाकीत होती. सुयाम समाधानाने तिला म्हणाला, "उत्पले, तुझ्या भांड्याने आणि माझ्या कानांनी आजवर माणसामाणसात भेद केला नाही."

"भांड्याने नाही केला, आर्य."

"म्हणजे मी केला?"

उत्पलेने भांडे पुसून पालथे ठेवले. "अकरा वर्षांत एकाही शबरासाठी हे भांडे वाजलेले मी ऐकले नाही. त्याआधीच आपला हात वर जातो."

सुयामाला राग आला. "ती माणसे फार पाल्हाळ लावतात," तो म्हणाला.

"गेल्या महिन्यात व्यापारी श्रेष्ठींनी मावशीच्या तीर्थयात्रेची हकिकत सांगितली. ती आपण शेवटपर्यंत ऐकलीत."

सुयाम घरी गेला, ताटावर बसला आणि तसाच उठला. आपल्या मनात शबरांविषयी वाईट विचार आहे का, हे त्याने पुन्हा पुन्हा शोधून पाहिले. तसा विचार सापडेना. पण समोर आलेला प्रत्येक काळा चेहरा आठवू लागला, तेव्हा त्यातल्या एकाचीही गोष्ट त्याला पुरी आठवेना. त्याला मनस्वी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सभा पुन्हा भरवली. राजालाही बोलावले. मग उत्पलेच्या हाती सुताची दोरी देऊन तो म्हणाला, "माझा उजवा हात आसनाला बांध. माझ्या नकळत हा वर जातो." सभेत कुजबुज झाली. उत्पलेने गाठ मारली आणि भांडे पाण्यात सोडले.

"माझा आजा तुंबा," कोलक म्हणाला, आणि सुयामाच्या मनगटाला दोरी काचली. हात वर जाऊ पाहत होता. रान आले, माशी आली, पुन्हा दोरी ताणली गेली. भांडे तीन चतुर्थांश भरले तेव्हा कोलक म्हणाला, "चांदणं भरत आलं की आम्ही पोळ्याला धूर देत नाही. माशी चांदण्यात आपला मध आपणच खाते. पोळं कोरडं असतं. आमची पोरंही हे जाणतात. वन पेटलेलं दिसलं म्हणून मी नदी पोहून आलो. हात विझवताना भाजले."

टण्. काहिलीच्या तळाशी भांडे वाजले. उत्पलेने डोळे पुसले.

सुयाम देवलाकडे वळला. "राजवाड्याला मध तूच पुरवतोस. चतुर्दशीला पोळ्यातून मध किती निघतो?" वाळका पाला आपणच पेटवला आणि वारा फिरला, हे देवलाने कबूल केले, आणि कोलक सुटला.

तेव्हा सुयाम राजाला म्हणाला, "देव, देवल एकदा खोटे बोलला. मी अकरा वर्षे अर्धेच ऐकत आलो. आधी माझा न्याय करा." राजाने त्याला आसनावरून उठू दिले नाही. पण सुयामाने ज्या ज्या शबराला थांबवले होते, त्याचे म्हणणे नदी ओलांडून, त्याच्या दारात बसून, पहिल्यापासून ऐकावे असे ठरले. त्या फेऱ्यांना सुयामाला दोन वर्षे लागली. एवढ्या मानाचा माणूस, पण एकाही दारी तो कारणे सांगत बसला नाही. न्यायासनावरची दोरी मात्र त्याने जन्मभर सोडली नाही. कुणी विचारले तर म्हणे, "अजून ओढते."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात भोजनाच्या पंगतीत सांगितली. दक्षिणेच्या रानातून आलेल्या एका काळ्या वर्णाच्या स्थविराला, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूला, त्या दिवशी वयाने वडील असूनही शेवटी बसवले होते, आणि ते कुणाच्या ध्यानातही आले नव्हते. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची उत्पला म्हणजे आज दारातील घंटा वाजवणारी भिक्षुणी. तेव्हाचा देवल म्हणजे आजचा पंगत बसवणारा. कोलक म्हणजे तुमच्या शेवटी बसलेला हा स्थविर. आणि ज्याच्या हाताला दोरी लागली, तो अमात्य मीच."

वाढणारा भिक्षू थबकला. भांडे घेऊन तो पंगतीच्या शेवटी गेला आणि तिथून वाढू लागला.

स्वतःविषयीचे सत्य ऐकून घेणे, ही बोधिसत्त्वाची सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, होय.