उंबराला सलाम

एक म्हातारा आपल्या शिष्यासह डोंगराच्या पायथ्याशी राहत असे. दारोदार नाचवली जाणारी माकडे सोडवून आणावीत, बरी करावीत आणि रानातल्या टोळीत मिसळू द्यावीत, हे त्याचे व्रत. व्रत म्हटले की तुम्हाला लांब चेहऱ्याचा माणूस दिसू लागतो, ठाऊक आहे मला. पण हा माकडांहून खोडकर होता. म्हणून तर त्याचे त्यांच्याशी जमे.

सोडवलेली सारी माकडे टोळीत गेली. उरली एकटी शेवंती. अंगणातल्या उंबरावर टोळी फळे ओरबाडून खाई, आणि शेवंती खाली दोन पायांवर उभी राहून उंबराला सलाम करी. सलाम केला की खाऊ मिळतो, एवढीच विद्या तिला लाभली होती. उंबर बिचारा काय देणार?

शिष्याचा जीव कळवळे. तो पेरू आणी, शेवंती सलाम करी, तो पेरू देई. खरे सांगू? त्यालाही जन्मात दुसऱ्या कोणी सलाम केला नव्हता.

उंबराची फळे सरत आली. म्हातारा म्हणाला, "दोन-चार दिवसांत टोळी वरच्या रानात जाईल. तोवर ही झाडावर चढली नाही, तर जन्मभर आपल्या दारात उभी राहील."

"राहू दे की, बाबा. मी आहे ना."

"तू आहेस, हाच तर घोळ आहे," म्हातारा पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी शिष्य पेरू घेऊन आला. शेवंतीचा हात उठायच्या आत म्हाताऱ्याने धोतर सावरले, ताठ उभे राहून खणखणीत सलाम ठोकला आणि पेरू स्वतःच खाल्ला. दुपारी तेच. संध्याकाळी वर मीठही मागितले.

तिसऱ्या दिवशी शिष्याचा संयम सुटला. "बाबा, मुक्या जिवाच्या तोंडचा घास पळवता? या वयात?"

"या वयात पेरू खाणे म्हणजे तपश्चर्या आहे, शहाण्या. उरलेल्या चार दातांत बिया अडकतात." मग म्हातारा शांतपणे म्हणाला, "तिच्या गळ्यातली दोरी आपण कापली. तू पेरूची बांधलीस. ही गोड आहे, म्हणून दोघांनाही दिसत नाही. सलामाचा धंदा बुडाल्याशिवाय तिला हातांचा दुसरा उपयोग सुचणार नाही. म्हणून तो मी बुडवला."

बोलता बोलता त्याने हातातला पेरू जरा सैल धरला.

शेवंती पाहत होती. तिने सलाम केला नाही. झडप घातली, पेरू हिसकावला आणि सरळ उंबरावर गेली. म्हाताऱ्याच्या मनगटावर रक्ताची रेघ उमटली; शालश्रीफळ मिळाल्यासारखा तो तिच्याकडे पाहत राहिला.

वर पेरू संपला. शेवंतीने क्षणभर वाट पाहिली, मग हात लांबवून एक उंबर तोडले. कोणालाही न विचारता. टोळीतली एक म्हातारी माकडीण तिच्यामागे येऊन बसली आणि गळ्यावरच्या दोरीच्या वणाभोवतीचे केस निवडू लागली.

"शेवंती," शिष्याने हाक मारली. तिने खाली पाहिलेसुद्धा नाही. नकळत त्याचा हात कपाळाशी गेला.

"हात खाली घे, बाळा," म्हातारा म्हणाला. "ती काही तुला पेरू द्यायची नाही."

शिष्य हसला, डोळे पुसले आणि हसतच राहिला.

तुम्हालाही कोणी रोज सलाम करत असेल, तर एकदा आपल्या हातात काय आहे ते बघा.