लिंबाजीने लावलेला नंबर

करंजगावात लिंबाजी नावाचा एक भोळा गडी होता. वाईट कशातच नाही. पान नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. सांगितलेलं मात्र तंतोतंत ऐकायचा. आई एकदा म्हणाली, जरा कोंबड्यांवर लक्ष ठेव. मांजराने कोंबडी पळवली. आई परत आल्यावर लिंबाजीने सगळं नीट सांगितलं. कुठली कोंबडी, मानेला धरली की पायाला, कुठल्या कुंपणातून नेली. त्याचं लक्ष क्षणभरही ढळलं नव्हतं.

आई, यमुनाबाई, शेवटी थकली. याला आता घराबाहेर काहीतरी काम बघावं, असं तिने ठरवलं.

त्याच सुमारास बाजारपेठेत एक दवाखाना निघाला होता. शिरोडे मॅडम दातांच्या आणि मुजावर डॉक्टर डोळ्यांचे. एकट्याला भाडं झेपत नव्हतं, म्हणून दोघांनी मिळून जागा घेतली. खोल्या दोन. पुढच्या खोलीत मागे कलणारी मोठी खुर्ची. मागच्या खोलीत डोळे तपासायचं यंत्र आणि काळे पडदे. चांगल्या उजेडाचा दिवा दोघांत मिळून एकच, उंच दांड्याचा, चाकांवर फिरणारा. खुर्ची खरं तर मॅडमची, पण डोळ्यात गेलेलं कुसळ काढायचं तर मुजावर डॉक्टरांनाही तीच लागायची.

तेव्हा कुठल्या पेशंटला कधी बोलवायचं, खोली कुणाला कधी द्यायची, दिवा कुणाकडे न्यायचा, हे बघायला एक माणूस हवा होता. यमुनाबाई जाऊन मॅडमना भेटली. मुलगा सांगितलेलं ऐकतो का, एवढंच मॅडमनी विचारलं. यमुनाबाईने शपथेवर सांगितलं, की शब्दाबाहेर जात नाही. त्यात खोटं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी मॅडमनी एका किराणा दुकानदाराला दाढेसाठी दहाला बोलवायला सांगितलं. मुजावर डॉक्टरांनी एका गवंड्याला डोळ्यातला कण काढायला दहालाच बोलवायला सांगितलं. लिंबाजीने दोघांनाही दहाचा नंबर दिला. दोघंही वेळेवर आले. खुर्ची एकच होती. लिंबाजीने ती वितीने मोजून बघितली. बरीच रुंद भरली. मग त्याने दोघांनाही तीत बसवलं. गवंडी अर्धा दुकानदाराच्या मांडीवर आला, पण बसला.

मॅडम उजवीकडून वाकल्या, डॉक्टर डावीकडून. मॅडम म्हणाल्या, आ करा. दोघांनी आ केला. डॉक्टर म्हणाले, वर बघा. दोघांनी वर बघितलं. या गडबडीत डोळ्यात टाकायचे थेंब दुकानदाराच्या तोंडात पडले. दुकानदार म्हणाला, औषध कडू आहे, पण जरा बरं वाटतंय.

मॅडमनी लिंबाजीला बाजूला घेतलं. एका वेळी खोलीत एकच माणूस, त्यांनी बजावलं. एक आत असला की दुसऱ्याला सोडायचं नाही, मग तो कुणी का असेना.

लिंबाजीने मान डोलावली. एकदा ऐकलेलं तो कधी विसरत नसे.

दुसऱ्या दिवशी दाढ किडलेली एक बाई आली. लिंबाजीने तिला खुर्चीत बसवलं आणि दारात उभा राहिला. मॅडम हात धुऊन आल्या. लिंबाजी हलला नाही. आत एक माणूस आहे, तो म्हणाला. मॅडम म्हणाल्या, मी डॉक्टर आहे. त्याबद्दल लिंबाजीला काहीच शंका नव्हती. पण आत एक माणूस होता. ती बाई बाहेर आली, की मॅडमनी आत जावं, असं त्याने आदराने सुचवलं.

आतली बाई आ करून बसलेली. बाहेर मॅडम बाकावर आपल्याच पेशंटांत बसलेल्या. शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांची समजूत घातली. इथं वेळ लागतोच, तो म्हणाला, पण डॉक्टरीणबाईंच्या हाताला गुण आहे म्हणतात.

या वेळी मुजावर डॉक्टरांनी समजावलं. अरे, डॉक्टरला अडवायचं नसतं. डॉक्टर येताना दिसले की दार उघडायचं. सताड.

लिंबाजीने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर मागच्या खोलीत एका आजोबांचा डोळा तपासत होते. डोळ्याच्या आतला पडदा बघायचा, तर खोलीत मिट्ट काळोख लागतो. तेवढ्यात मॅडम पाणी प्यायला माठाकडे निघाल्या. डॉक्टर येताना दिसले. लिंबाजीने मागच्या खोलीचं दार सताड उघडलं. दुपारचं ऊन थेट आजोबांच्या डोळ्यात गेलं. डॉक्टरांनी दार लावलं. पाणी पिऊन मॅडम परतल्या. दार पुन्हा उघडलं. मॅडमच्या हे लक्षात आलं, म्हणून पुढच्या वेळी त्या चपला हातात घेऊन, पावलं न वाजवता गेल्या. पण लिंबाजीला त्या दिसल्या.

डॉक्टर बाहेर येऊन एकच गोष्ट सांगून गेले. तपासणी सुरू झाली की दिवा बंद, पडदे ओढलेले, दार लावलेलं. यात कधीही फरक होता कामा नये.

लिंबाजीने मान डोलावली.

चौथ्या दिवशी सकाळी मॅडम एका मोटारमेकॅनिकचा दात काढत होत्या. चिमटा दातावर बसला होता. तपासणी सुरू झाली, असं लिंबाजीच्या लक्षात आलं. त्याने दिवा बंद केला, पडदे ओढले आणि बाहेरून दार लावून घेतलं. आत मॅडमचा हात ओढायला लागला होता, तो थांबेना, आणि अंधारात चिमटा घसरला. दात आला. पडदा सारून बघितलं, तर तो शेजारचा निघाला. नशीब मेकॅनिकचं, की तोही हलत होता. मॅडमनी दोन्ही काढले आणि एकाचे पैसे घेतले नाहीत. मेकॅनिक खूश होऊन गेला.

मॅडम खूश नव्हत्या. दिवा एक आणि डॉक्टर दोन, त्यांनी सावकाश सांगितलं. माझं काम होईपर्यंत दिव्याला हात लावायचा नाही. एकाचं झालं, की वस्तू स्वच्छ पुसायची आणि दुसऱ्याला नेऊन द्यायची. समाईक वस्तू अशी वापरायची असते.

हे लिंबाजीला फारच पटलं. त्याच दुपारी एका आजीबाईंनी हिरड्या दाखवायला कवळी काढून वाटीत ठेवली. मॅडमनी हिरड्यांना औषध लावलं आणि आजींना थोडा वेळ बाकावर बसवलं. आजींचं झालं होतं. लिंबाजीने कवळी उचलली, गरम पाण्याने धुतली, फडक्याने पुसली. बाकावर दुसऱ्या टोकाला एक बोळके आजोबा बसले होते. ते खरं तर चष्म्यासाठी आले होते. लिंबाजीने त्यांना कवळी दिली. आजोबांनी बसवून बघितली. चष्म्याआधी दात मिळाले, याचं त्यांना नवल वाटलं, पण सरकारी योजना असेल, असं त्यांनी धरलं. घरी जाऊन त्यांनी मक्याचं भाजकं कणीस खाल्लं. संध्याकाळी आजींचे दोन मुलगे आजोबांच्या दारात उभे राहिले, तेव्हा कुठे कवळी परत आली.

आता मात्र लिंबाजीला काढून टाकायचं ठरलं. पण काढायचं कुणी, हे ठरेना. मॅडम म्हणाल्या, तुम्ही सांगा. डॉक्टर म्हणाले, त्याला तुम्ही ठेवलंय. शेवटी काढणं अवघड आणि समजावणं सोपं, असं वाटून दोघांनी त्याला समोर बसवलं.

डॉक्टर म्हणाले, "हे बघ लिंबाजी, ज्याचं नाव, त्याचाच नंबर. वेळ झाली की दारात उभं राहून तीनदा हाक मारायची. ओ दिली तर आत सोडायचं. नाही दिली तर त्याचा नंबर गेला. पुढच्याला पाठवायचं. खोली रिकामी ठेवायची नाही."

"आपल्या ओळखीचा असला तरी?" लिंबाजीने विचारलं.

"सख्खा भाऊ असला तरी," मॅडम म्हणाल्या.

आणि काय आश्चर्य, गाडी रुळावर आली. लिंबाजी दारात उभा राहायचा, खणखणीत आवाजात हाका मारायचा. लोक वेळेवर यायला लागले. दोन्ही खोल्या भरलेल्या, दिवा जागच्या जागी. सरपंच एकदा उशिरा आले, तर त्यांचाही नंबर गेला. गावात लिंबाजीचं नाव झालं. यमुनाबाई पहिल्यांदाच मान वर करून पाणवठ्यावर गेली.

नाव झालं तसं स्थळही आलं. यमुनाबाईचा भाऊ ज्ञानूमामा शेजारच्या गावात राहायचा. त्याने तिथलीच कौसल्या नावाची मुलगी सुचवली. मुलगी गुणी, शिवणकाम शिकणारी. तिच्या वडिलांची अट एकच होती. नोकरी खरी आहे का, हे ते दवाखान्यात येऊनच बघणार होते. मॅडमनी मोठ्या मनाने बघण्याच्या कार्यक्रमाला पुढची खोली देऊ केली. गुरुवारी चार वाजता खोली तुझ्या नावावर, त्या लिंबाजीला म्हणाल्या. लिंबाजीने चारच्या नंबराला स्वतःचं नाव लावलं. त्या रात्री यमुनाबाईला आनंदाने झोप लागली नाही.

गुरुवारी पाहुणे आले. वडील, आत्या आणि कौसल्या पुढच्या खोलीत बसले. ज्ञानूमामाही होता. आलोच आहोत तर डोळेही दाखवून घेऊ, म्हणून त्याने थोड्याच वेळापूर्वी मुजावर डॉक्टरांकडून डोळ्यांत थेंब घालून घेतले होते. थेंबांनी त्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि समोरचं सगळं जग धुक्यात गेलं होतं. दोघं डॉक्टर मुद्दामच चहाला बाहेर पडले. यमुनाबाई घरी पोहे आणायला धावली.

लिंबाजी नवा सदरा घालून दारात उभा होता. चार वाजले. त्याने नंबरांच्या वहीत नाव बघितलं आणि हाक मारली.

"लिंबाजी!"

बाकावरून कुणी उठलं नाही. त्याने दुसरी हाक जरा मोठ्याने मारली. तिसरीला तर तो रस्त्यापर्यंत जाऊन आला. बाकावरची एक बाई म्हणाली, काय बाई लोक तरी, नंबर लावतात आणि येत नाहीत. लिंबाजी म्हणाला, अशांना नंबर देऊच नये.

मग त्याने पुढचं नाव घेतलं. संताजी गुरुजी. हे शाळेतले तरुण मास्तर. अक्कलदाढ काढायची म्हणून मॅडमनी त्यांना इंजेक्शन देऊन बाहेर बसवलं होतं. गुरुजींनी ओ दिली आणि ते आत गेले.

आत इतकी माणसं बघून गुरुजींना वाटलं, मोठे डॉक्टर बोलावलेत. वडिलांनी नाव विचारलं. जबडा बधिर होता. गुरुजी म्हणाले, "अंआजी." मामाने धुक्यात बघितलं. समोर सदरा घातलेला कुणीतरी होता. हाच आमचा लिंबाजी, तो म्हणाला, जरा कमी बोलतो. शिक्षण झालंय का, नोकरी पक्की का, व्यसन नाही ना, असं वडिलांनी एकेक विचारलं. दाढेला हे सगळं लागत असेल, असं समजून गुरुजी खरीखरी मान हलवत गेले.

मग कौसल्येने मान वर केली. लग्नानंतर शिवणाचा क्लास चालू ठेवला तर चालेल का, तिने विचारलं. हे दाढेसाठी नाही, हे तेव्हा गुरुजींना कळलं. पण ते उठले नाहीत. जबडा बधिर होता, डोळे काही बधिर नव्हते. त्यांनी जोरात मान हलवली. कौसल्या हसली.

यमुनाबाई पोहे घेऊन आली, तेव्हा आत्या गुरुजींच्या हातावर साखर ठेवत होती. मग एकच गोंधळ उडाला. खरं-खोटं बाहेर आलं. मामा डोळे चोळत राहिला. वडिलांनी मुलीकडे बघितलं. तिने आत्याच्या हातातली साखरेची वाटी गुरुजींपुढे सरकवली. नाव चुकलं, वडील म्हणाले, मुलगा चुकला असं काही दिसत नाही.

यमुनाबाई बाहेर आली. लिंबाजी दिवा पुसत होता. खोली एक मिनिटही रिकामी राहिली नाही, त्याने आनंदाने सांगितलं. ती त्याच्याजवळ मटकन बसली. हातातली पोह्यांची ताटली तशीच होती.

"लिंब्या," ती म्हणाली, "तुझ्या नावाची हाक तू ऐकलीस का रे?"

"ऐकली की. तीनदा."

"मग ओ का नाही दिलीस?"

लिंबाजीला आईची कीव आली. दवाखान्याचं काम तिला कसं कळणार? त्याने तिच्या हातातली ताटली घेतली आणि तिला शांतपणे समजावलं.

"अगं आई, हाका मारणारा मीच. मी ओ देत बसलो असतो, तर हाका कुणी मारल्या असत्या?"