फणसावरचे हात

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे त्यांची शिष्या तोंड पाडून आली. आचार्यांचे आयुष्य रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात गेले होते आणि शिष्येची तीन वर्षे संगणकापुढे.

शरीरात जंतू शिरला की गळ्या-काखेतल्या गाठींमध्ये पेशींची एक शाळा भरते. जंतूचा तुकडा घट्ट धरून जी ओढून काढील, ती पेशी उत्तीर्ण. अशा पेशींची प्रतिपिंडे मग रक्तात उतरून जंतूशी लढतात. ही शाळा शिष्येने संगणकावर उभारली होती. पण तिथे सगळ्याच पेशी पास होत, पकड कोणाचीच सुधारत नसे आणि शाळा सुटायचे नाव नव्हते! नऊ दिवस संगणक नुसता तापत होता.

"सर, उद्या समिती येणार. त्यांना पटलं नाही तर शिष्यवृत्ती बंद. तीन वर्षं पाण्यात जातील."

"फणस आण," आचार्य म्हणाले. "कापा बघून आण, घट्ट गऱ्यांचा."

म्हातारपणी बुद्धी फिरली, असे शिष्येला वाटले. पण गुरूची आज्ञा! तिने भला थोरला फणस काखोटीला मारून आणला. आचार्यांनी तो चिरला आणि प्रयोगशाळेतल्या पोरांना गरे ओढायला बसवले. चिमटीने ओढणाऱ्यालाही गरा मिळाला. मग त्यांनी पूर्वी शिकून गेलेल्या दोघांना बोलावले.

"खायचं नाही. फक्त गऱ्यांवर हात दाबून बसायचं."

"सर, हे पास होऊन गेलेत ना? मग इथे कशाला कडमडले?" पोरे ओरडली. आता दोन्ही हातांनी ओढील त्यालाच गरा मिळू लागला. आचार्यांनी आणखी दोघांना बसवले, तशी हातांखाली सगळा फणस झाकला गेला. पोरे कुरकुरत उठली आणि चीक काढायला खोबरेल शोधू लागली.

"यांना सुट्टी कोणी दिली?" आचार्यांनी शिष्येला विचारले.

"कोणीच नाही. हाती काही लागेना, म्हणून उठले."

"तुझ्या संगणकात प्रतिपिंडं बाहेर पडली की कायमची गेली. शरीरात ती शाळेत परत येतात, त्याच तुकड्यांवर हात ठेवतात. नव्या पेशीला त्यांच्याहून घट्ट पकड लागते, म्हणून पकड सुधारते. आणि सगळे तुकडे झाकले, की शाळा आपोआप सुटते."

शिष्या तशीच चिकट हातांनी संगणकाकडे धावली. प्रतिपिंडांना तिने परतीची वाट करून दिली. पडद्यावरची पकड पिढीगणिक वाढत गेली आणि संध्याकाळी शाळा रिकामी झाली. शिष्येला आनंदाने रडूच आले.

दुसऱ्या दिवशी समितीने शिष्यवृत्ती चालू ठेवली. शिष्या पेढे घेऊन आचार्यांच्या पाया पडली. "सुटले बाई एकदाची!"

"सुटलीस कुठे? सोमवारपासून नव्या मुलांच्या बैठकीला यायचं. त्यांच्या सोप्या उत्तरांवर हात ठेवायला."

शिष्या हसली. सोमवारी तिने पहिलाच प्रश्न असा विचारला की नव्या मुलाला घाम फुटला. "या बाई पास झाल्यात ना? मग अजून इथे काय करतात?" तो शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला, आणि निमूटपणे पुन्हा आकडेमोडीला लागला.